कपाटावरच्या दोन बाटल्या

ते एकोणीसशे सत्त्याहत्तर साल. त्या वर्षी आमच्या बेक्वाई गावातल्या दुकानांमध्ये फळ्या तेवढ्या उरल्या होत्या, माल नव्हता. साबणाची वडी मिळाली तर बायका ती कमरेच्या कापडात खोचून घरी न्यायच्या, शेजारणीला दिसू नये म्हणून. त्याच वर्षी माझ्या थोरल्या बहिणीला, कोनादूला, मागणी आली आणि त्याच वर्षी मावशीची जुळी आमच्याकडे राहायला आली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध लागेल असं तेव्हा कुणाला वाटलं नव्हतं.

जुळ्यांची नावं आमच्याकडे ठरलेली असतात. आधी आली ती पान्यिन, मागून आला तो काक्रा. दोघं पंधरा वर्षांची, सेकोंडीला रेल्वेच्या चाळीत वाढलेली. बाजारातला गाळा सांभाळून मावशीला ती आवरेनात, म्हणून तिने त्यांना गाडीत बसवून दिलं. सोबत गार्डाच्या तोंडी आईला निरोप पाठवला : ‘ताई, यांच्यापाशी अक्कल सोडून सगळं आहे.’

निरोप खोटा नव्हता. पहिल्याच आठवड्यात पान्यिनने खुडूक कोंबडीला ताप आलाय असं समजून ओल्या फडक्याने पुसून काढलं. काक्राने रॉकेल वाचवायचं म्हणून कंदिलाची वात कापली. इतकी कापली, की ती रॉकेलपर्यंत पोचेना. आई कपाळाला हात लावायची, पण रागवायची नाही. बाबा गेल्यापासून घरात हसायला कारण कमीच मिळत होतं.

कोनादूला मागणी घातली ती एबोने. एबो लॉऱ्यांच्या कपाळावर रंगीत अक्षरं काढायचा. कोनादू शिवणकाम करायची. शर्टाचं एकच बटण त्याने इतक्या वेळा तोडून लावायला आणलं, की शेवटी ती म्हणाली, “बटण राहू दे, माणसं घेऊन ये.” तो माणसं घेऊन आला. रीतीप्रमाणे त्याच्या आत्याने, अराबाबाईने, श्नॅप्स नावाच्या परदेशी दारूच्या दोन बाटल्या आमच्यापुढे ठेवल्या आणि मुलगी मागितली. आमच्या ओपोकूमामांनी आठ दिवसांची मुदत मागून घेतली. मग बाटल्या आईच्या खोलीत कपाटावर जाऊन बसल्या. मुलीच्या मामाने बाटली उघडून घोट घेतला, म्हणजे होकार. बाटल्या होत्या तशा परत गेल्या, म्हणजे नकार. तोवर त्यांना कुणी बोटही लावायचं नाही.

हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. जुळ्यांना नव्हतं. मागणीच्या वेळी मोठ्यांच्या बैठकीत लुडबुड नको म्हणून त्यांना पाणी भरायला पिटाळलं होतं आणि नंतर कुणी काही सांगितलं नाही. अशा गोष्टी सांगायच्या असतात, हेच आम्हाला सुचलं नाही.

शुक्रवारी मामा आले ते निर्णय घेऊनच आले. आमच्यात कूळ आईकडून चालतं, त्यामुळे घरात शेवटचा शब्द आईच्या भावाचा.

“रविवारी बाटल्या परत करायच्या,” खुर्चीत बसता बसता ते म्हणाले. “मुलगा चांगला आहे. पण किनाऱ्यावरच्या फांटे जमातीतला आहे.”

“फांटे माणसं नसतात का, दादा?” आईने हळूच विचारलं.

“माणसं असतात. पण सकाळचा पैसा संध्याकाळपर्यंत ठेवत नाहीत. मासळीत घालवतात! आमच्या मळ्याचा कोको विकून हा रोज मासळी तळून खाईल.”

मामांची बायको, अडोमा मामी, दारात शेंगा सोलत होती. ती आमच्या कुळातली नव्हे, त्यामुळे बैठकीत बोलायचा तिला हक्क नव्हता. म्हणून ती कायम बैठकीबाहेर बसून बोलायची.

“मासळीत घालवतात ते दिसतं तरी,” ती शेंगांना उद्देशून म्हणाली. “काही लोकांचा पैसा कुठे जातो ते बायकोला मरेपर्यंत कळत नाही.”

“डॉक्टरने बंद केल्यापासून मी थेंब घेतलेला नाही, अडोमा!”

“मी कुठे दारूचं नाव काढलं?”

भावाच्या शब्दाबाहेर आई आयुष्यात कधी गेली नव्हती. मी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात कोनादूच शिवणयंत्रावरून उठून आली.

“मामा, तुम्ही परत करा म्हणाल तर परत करा. मी भांडणार नाही, पळूनही जाणार नाही,” ती म्हणाली. “पण मग त्या कपाटावर दुसऱ्या कुणाच्या बाटल्या ठेवायच्या नाहीत. ते कपाट मला शिवणाच्या कापडांना लागेल.”

एवढं बोलून ती परत यंत्रापाशी गेली. तिचा पाय पायडलवर पडला आणि खोलीभर खडखड सुरू झाली. मी तिला ओळखत होते. ती हे रागाने बोलली नव्हती. ती खरंच तसंच करणार होती.

शनिवारी गावात मोठा दुखवटा होता, सगळा गाव लाल-काळी वस्त्रं नेसून मैदानात जमणार होता. रविवारच्या पाहुण्यांसाठी तांदूळ, तेल आणि धुरावलेली मासळी आणायला आईने जुळ्यांना पहाटेच्या गाडीने कुमासीला पाठवलं. नकार द्यायचा असला तरी माणसं उपाशी परत पाठवायची नसतात.

पुढचं काक्राने मला, त्याच्या अफ्रियेताईला, नंतर सांगितलं, हसत हसत, मधेच पान्यिनच्या चापट्या खात.

कुमासी स्टेशनाबाहेर बर्फाच्या कारखान्यातून लाद्या निघत होत्या. काक्रा तिथेच थांबला.

“पान्यिन, आज मैदानात किती माणसं येणार?”

“सगळी.”

“उन्हात बसणार?”

“दिवसभर.”

“आणि बेक्वाईत बर्फ कुणाकडे आहे?”

पान्यिनने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या म्हणण्याप्रमाणे, त्या क्षणी आपला भाऊ फार मोठा माणूस होणार अशी तिची खात्री पटली. आईच्या पैशाची बर्फाची लादी घ्यायची, गार पाणी पेल्याने विकायचं, दुप्पट पैसे करायचे. त्यातून सामान आणायचं आणि उरलेल्यातून सेकोंडीच्या आईला चपला घ्यायच्या. हिशेब चोख होता. त्यांनी लादी घेतली. बर्फवाला म्हणाला, भुसा घ्या, त्याचे वेगळे पैसे पडतील. काक्रा म्हणाला, “बर्फ घेतोय आम्ही, भुसा कोण पिणार?”

लादी टोपलीत बसली. आता बेक्वाईला जायचं. मोटारीचं भाडं भरलं असतं तर घटकाभरात पोचली असती. पण धंद्यात पहिल्याच दिवशी खर्च वाढवायचा नसतो, असं पान्यिनचं मत पडलं. ओळखीचा एक लॉरीवाला फुकट नेणार होता, फक्त त्याची लॉरी भरायची होती. दोघं टोपलीशेजारी रस्त्याच्या कडेला बसली. ऊन चढलं. लॉरीत केळ्यांचे घड चढले, मग बकऱ्या चढल्या, मग एक बकरी उतरली आणि तिला पकडण्यात वेळ गेला.

“पान्यिन, टोपली हलकी झाली का गं?”

“मला पण तसंच वाटतंय. बरंय की, उचलायला सोपी.”

बेक्वाईला उतरली तेव्हा टोपलीत नारळाएवढा बर्फ होता. मैदानाच्या वाटेवर तो लिंबाएवढा झाला. काक्राने तो तोंडात टाकला आणि अर्धा चावून बहिणीला दिला. तेवढाच त्यांच्या धंद्याचा नफा.

घरी आम्ही कुणी नव्हतो. आई, मी, मामी मैदानात. फक्त कोनादू खिडकीपाशी यंत्रावर होती. कुणाचातरी काळा अंगरखा आयत्या वेळी उसवला होता. जुळी मागच्या दाराने आईच्या खोलीत शिरली आणि खाटेवर बसून रडली. रडून झाल्यावर काक्राने डोळे वर केले, तर समोर कपाटावर दोन बाटल्या.

“या कुणाच्या?”

“कुणाच्याच नाहीत. आठवडाभर तिथेच पडून आहेत,” पान्यिन म्हणाली.

“मोठ्या मावशीच्या चर्चमध्ये दारू चालत नाही. मामांना डॉक्टरने बंद केलीय. कोनादूताई आणि अफ्रियेताई तिला हात पण लावत नाहीत. मग या घरात ही दारू करायची काय?”

“कुणीतरी बिनडोक माणसाने भेट दिली असणार.”

“बिचाऱ्या मावशीला टाकवत नसेल.”

एका पिशवीत दोन्ही बाटल्या घालून ती यंत्रापुढून निघाली. बाटल्या एकमेकींवर आपटून किणकिणत होत्या. कोनादूने सुईवरची नजर न काढता म्हटलं, “पिशवी जुनी आहे. खालून हात लावा.” दोघांनी खालून हात लावला.

चौकातल्या पोमाबाईच्या गुत्त्यात महिनोन्‌महिने ताडीच्या दारूशिवाय काही आलं नव्हतं. खरी परदेशी श्नॅप्स, बूच न उघडलेली, बघून तिने आधी दार लावून घेतलं. मग पलंगाखालून तांदूळ काढले, तेलाचा डबा काढला, उत्तम धुरावलेली मासळी काढली.

“कुठून आणली रे पोरांनो?”

“घरात पडून होती,” काक्रा म्हणाला. ते खरंच होतं.

आम्ही घरी आलो तेव्हा सामान ओट्यावर मांडलेलं होतं. आईने मासळी हुंगली आणि तिचे डोळे भरून आले. “माझी बहीण उगाच बोलते,” ती म्हणाली. “मुलं शहाणी आहेत.” जुळी एकमेकांकडे बघून लाजली.

त्या दुपारी मैदानात आणखी एक गोष्ट घडली होती. मामा मृताच्या भावाशेजारी मानाच्या खुर्चीवर बसले होते. त्यांच्या कानाशी कुणीतरी कुजबुजलं, की पोमाबाईकडे खरी श्नॅप्स आलीय. मामा पुढे अनेकदा मला सांगत, त्यांनी उठायचं नाही असं पक्कं ठरवलं होतं. पण मृताचा भाऊ फार वेळ रडत होता, आणि पोटातला व्रण त्या दिवशी मुळीच दुखत नव्हता. ‘पाय मोकळे करून येतो,’ असं म्हणून ते उठले. गुत्त्याच्या मागच्या बाकावर बसून त्यांनी रोख पैसे मोजले. सवयीप्रमाणे पहिले थेंब जमिनीवर पूर्वजांसाठी सांडले, कुळातल्या थोरांची नावं घेतली, आणि मग डोळे मिटून उरलेला ग्लास घेतला. दुसराही घेतला. परत येताना आल्याचा तुकडा चघळत आले. मामीने हुंगून पाहिलं, पण दुखवट्यात आलं कोण चघळत नाही?

रविवारी दुपारी अराबाबाई आपल्या माणसांसह आली. ती जाडजूड, हसरी, आवाज स्टेशनावरच्या भोंग्यासारखा. एबो मागे बसला होता. नवा शर्ट घातलेला, पण नखांत निळा रंग राहिलेला. पाहुण्यांना आधी पाणी दिलं, मग जेवण. अराबाबाईने मासळी तोंडात टाकली आणि थांबली.

“ही आमच्या किनाऱ्याची मासळी. बेक्वाईत एवढी चांगली मिळते?”

“आमच्या जुळ्यांनी आणली,” आई अभिमानाने म्हणाली. कोपऱ्यात काक्राने छाती काढली.

जेवण झालं. मामा खाकरले. “आठ दिवस आम्ही विचार केला,” ते म्हणाले. “तुमची माणसं थोर, तुमचं बोलणं गोड. पण दोन घरांच्या रीती वेगळ्या. मनात काही न ठेवता आम्ही तुमचं पेय तुम्हाला...” ते आईकडे वळले. “सेरवा, बाटल्या आण.”

मी कोनादूकडे पाहिलं. ती अगदी शांत बसली होती. तिचा हात मात्र माझ्या मनगटावर होता आणि तिची नखं रुतत होती.

आई आत गेली. बराच वेळ आली नाही. आतून कपाट सरकवल्याचा आवाज आला. मग खाट सरकवल्याचा. आई दारात आली तेव्हा तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“दादा, बाटल्या नाहीत.”

“नाहीत म्हणजे?”

“त्या कपाटावरच्या?” कोपऱ्यातून पान्यिनचा बारीक आवाज आला. “त्या हव्या होत्या?”

मग सगळं बाहेर आलं. बर्फ, लॉरी, बकरी, पोमाबाई. दोघं एकाच वेळी बोलत होती, एकमेकांची वाक्यं पुरी करत होती. आधी अराबाबाईचे खांदे हलायला लागले. मग तिने तोंडावर कापड धरलं.

“देवा! म्हणजे मी माझ्याच बाटल्यांची मासळी खाल्ली?”

“यात हसण्यासारखं काही नाही!” मामा गरजले. “अरे गाढवांनो, कुळाची अब्रू विकून तांदूळ आणलात? ठीक आहे. आम्ही दुसऱ्या दोन बाटल्या आणून परत करू.”

“कुठून आणाल, ओपोकूदादा?” अराबाबाई म्हणाली. “या दोन मिळवायला मी ताकोराडीच्या बंदरात कुणाकुणाचे पाय धरले ते मला माहीत. आणि दुसऱ्या चालतील कशा? ज्या दिल्या त्या परत याव्या लागतात. पोमाबाईला बोलवा. एखादी बंद राहिली असेल तर ती घेऊन आम्ही मुकाट्याने जाऊ.”

“त्या बाईला कशाला बोलवायचं?” मामा पटकन म्हणाले. “घरच्या गोष्टी चव्हाट्यावर कशाला?”

दारातली मामी शेंगा सोलायची थांबली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मान तिरकी करून, नीट.

“बोलवाच,” ती म्हणाली. या वेळी शेंगांना उद्देशून नव्हे.

आणि मग आई बोलली. “हो दादा, बोलवू या. रीतीने जे काय ते होऊ दे.” भावाच्या मनाविरुद्ध तिचं ते पहिलं वाक्य. मी ते विसरले नाही.

काक्रा धावत गेला आणि पोमाबाई हात पुसत आली. तिला काही माहीत नव्हतं, त्यामुळे ती भलतीच मोकळी बोलली.

“बंद? छे हो! काल संध्याकाळच्या आत दोन्ही संपल्या. पहिली तर मी ओपोकूबाबांसाठीच उघडली. काय त्यांची रीत! आजकालची पोरं ग्लास दिसला की घशात ओततात. यांनी आधी पूर्वजांना दिली, एकेकाचं नाव घेऊन. माझ्या अंगावर काटा आला.”

मामीने शेंगांची टोपली खाली ठेवली.

“थेंब घेतलेला नाही,” मामी हळूच म्हणाली. “अं?”

मामांनी कपाळावरचा घाम पुसला. पण कुळाचे प्रमुख ते, असे हरणार नव्हते. “ऐका,” ते म्हणाले. “मी प्यालो, मान्य. पण पैसे देऊन प्यालो! भेट म्हणून घेतली असती तर होकार झाला असता. विकत घेतलेल्या दारूने कोणी कुणाचा व्याही होत नाही.”

मुद्दा वजनदार होता. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. माझ्या मनगटावरची नखं आणखी रुतली. अराबाबाईने आवाज खाली आणला. तिचा तो आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकला.

“तुम्ही पैसे दिलेत, दादा. पण तुमच्या पूर्वजांनी दिले का?”

मामा आपल्या म्हाताऱ्यांकडे वळले. म्हातारे अराबाबाईकडे बघत होते.

“तुम्ही त्यांना नावं घेऊन बोलावलंत,” अराबाबाई म्हणाली. “त्यांनी आमचं पेय घेतलं. फुकट. आता त्यांच्या घशातून काढून परत कसं द्यायचं, ते तुम्ही सांगा. आम्ही तांब्या घेऊन बसतो.”

आधी कोण हसलं ते आठवत नाही. बहुतेक मामीच. मग आमच्याकडचे म्हातारे हसले, मग फांटे हसले, आणि शेवटी मामांचं पोट हलायला लागलं. डोळे पुसून ते कोनादूकडे वळले. रीतीप्रमाणे मुलीला तीनदा विचारायचं असतं, हे पेय आम्ही घ्यायचं का.

“कोनादू, पेय घ्यायचं का हे विचारण्यात आता अर्थ नाही. ते पोटात ठेवायचं का?”

“ठेवा, मामा.”

“नीट विचार कर. ठेवायचं?”

“ठेवा.”

“फांटे आहे हं. मासळीत बुडवेल. ठेवायचं?”

“तुम्हाला चव आवडली होती ना, मामा?”

“चव?” मामा म्हणाले. त्यांनी मामीकडे चोरून पाहिलं आणि आवाज खाली आणला. “चव फार उत्तम होती.”

मग एबो हसला. त्या दिवशी पहिल्यांदाच.

त्या सगळ्यांचं पुढे काय झालं ते आता सांगून टाकते. एबोने खरोखरच आयुष्यभर पैसा मासळीत घालवला आणि मामा दर रविवारी ती खायला यायचे. मामीने त्यांना पुन्हा श्नॅप्सला हात लावू दिला नाही, तरी ते पुष्कळ जगले. त्यांच्या अंत्यविधीची पाटी एबोनेच रंगवली. पोमाबाईच्या गुत्त्याची पाटीही त्याचीच, अजून आहे, फक्त रंग उडालाय. अराबाबाई गेली ती कोनादूच्या तिसऱ्या बाळंतपणाला येऊन, भरपूर बोलून, घरी परतल्यानंतर, झोपेत. आई शेवटपर्यंत सांगायची, की तिच्या बहिणीची मुलं शहाणी होती. पान्यिन तेमा शहरात नर्स झाली. काक्रा टपालखात्यात लागला. तो अजून भाडं वाचवायला पायी चालतो, आणि चपला झिजवतो.

कोनादू दोन वर्षांपूर्वी गेली. त्याआधीच्या पावसाळ्यात मी तिच्याकडे राहायला होते. शेंगा सोलता सोलता मी सहज म्हटलं, “त्या दोघांच्या मूर्खपणाने तुझा संसार झाला गं.”

ती खूप वेळ हसली. मग म्हणाली, “अफ्रिये, मी खिडकीपाशीच होते ना. पिशवीत काय किणकिणतंय ते मला कळलं नसेल? पिशवी जुनी होती. वाटेत फाटून फुटल्या असत्या तर?”

शेंगांची टरफलं झटकून ती पुढच्या शेंगेकडे वळली.

“म्हणून तर म्हटलं, खालून हात लावा.”